खिशातला टॉर्च: नवं मॉडेल आलं, आता काय?

रोज खिशात बाळगायच्या टॉर्चबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न निरनिराळे असले तरी बहुतेकांमागे एकच धाकधूक दिसते: आज घेतला आणि महिन्याभरात त्याचाच थोरला भाऊ बाजारात आला, तर? उत्तरांआधी एका शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत टॉर्चलाही बॅटरी म्हणतात आणि आतल्या सेललाही. त्यामुळे ‘बॅटरी गेली’ असं वाचलं की नेमकं काय गेलं हे कळायला मार्ग नसतो. इथे दिवा तो टॉर्च, आणि आत घालायचा तो सेल. आणि लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप.

प्रश्न: माझा टॉर्च तीन वर्षांपूर्वीचा, १२०० लुमेनचा आहे. कुरकुर न करता चालतो. पण त्याच मालिकेत दर सहा-आठ महिन्यांनी नवा येतो आणि आताचा १५०० लुमेनचा आहे. हा घ्यावा, की पुढच्याची वाट पाहावी?

दोन्ही नको. १२०० आणि १५०० मधला फरक कागदावर पंचवीस टक्क्यांचा, डोळ्यांना मात्र त्याच्या निम्माही नाही. उजेड वाढतो त्याच पटीत तो आपल्याला जास्त वाटत नाही. दुप्पट वाटायला लुमेन साधारण चौपट लागतात. म्हणजे तुमच्या टॉर्चपेक्षा ‘दुप्पट’ वाटणारा टॉर्च ४८०० लुमेनच्या आसपासचा. १५०० वाला शेजारी धरून एकाच भिंतीवर मारलात तर थोडा फरक दिसेल. आज एक आणि उद्या दुसरा वापरलात, तर कोणता कुठला हे सांगता येणार नाही.

मग हे आकडे वाढतात कशाने? पांढऱ्या एलईडीचा पाया म्हणजे निळी एलईडी. तिच्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. २००० नंतरची दहा-बारा वर्षं एलईडीची कार्यक्षमता इतक्या झपाट्याने वाढली की तीन वर्षांपूर्वीचा टॉर्च खरोखरच जुनाट वाटायचा. नव्याची वाट पाहायची सवय तेव्हाची आहे. आता वेग मंदावला आहे. पांढऱ्या उजेडाला एका वॅटमागे तीनशे-साडेतीनशे लुमेनच्या आसपास निसर्गानेच कुंपण घातलंय. टॉर्चमध्ये जोरात चालवलेली चांगली एलईडी शंभर ते दीडशे देते. यापुढची वाढ थेंबाथेंबाने होते, आणि नव्या आवृत्तीतला वाढीव आकडा बहुतेकदा त्याच जातीच्या एलईडीत जास्त करंट ढकलून आणलेला असतो. त्याची किंमत सेल लवकर संपण्यात आणि अंग लवकर तापण्यात मोजावी लागते. शिवाय तो आकडा टिकतो दोन-तीन मिनिटं.

बदलण्याजोगे फरक वेगळे. जुन्यात उजेड सेलबरोबर हळूहळू मंदावत जात असेल आणि नव्यात शेवटपर्यंत स्थिर राहत असेल, तर तो खरा फरक. सेल आत कायमचा बंद असलेल्या टॉर्चऐवजी सेल बदलता येणारा, रंग धड न दाखवणाऱ्याऐवजी दाखवणारा, खास वायर लागणाऱ्याऐवजी यूएसबी-सीवर चार्ज होणारा: यांतला एखादा फरक तुमच्या कामाचा असेल तर बदला. खिशातली क्लिप उलटी लागते आणि टॉर्च रोज निसटतो, हेही आमच्या मते ३०० जादा लुमेनपेक्षा सबळ कारण आहे.

ठरवायची रीत सोपी आहे. पंधरा दिवस टॉर्च पेटवला की चार गोष्टी टिपून ठेवा: कुठे पेटवला, किती लांबचं पाहायचं होतं, किती वेळ लागला आणि काय कमी पडलं. पंधरा दिवसांनी ‘काय कमी पडलं’चा रकाना रिकामा राहिला, तर तुमच्यासाठी बाजारात नवीन काही आलेलं नाही. तिथे एकच तक्रार तीनदा आली, तर तेवढीच दूर करणारा टॉर्च शोधा आणि बाकीच्या आकड्यांकडे काणाडोळा करा. तोही बाजारात येऊन सहा महिने झालेला घ्या. सैल बटण, चार्जिंगच्या भोकाचं नीट न बसणारं रबरी झाकण, आतल्या प्रोग्रॅममधल्या चुका असले पहिल्या खेपेचे दोष तोवर उघडे पडतात आणि पुष्कळदा दुरुस्तही होतात.

प्रश्न: एकाच आकाराचे दोन टॉर्च पाहतो आहे. दोघांत ३५०० एमएएचचा १८६५० सेल आहे. एकावर ‘१००० लुमेन, ४ तास’ असं छापलंय, दुसऱ्यावर ‘४०० लुमेन, अडीच तास’. दुसरा कोणी का घेईल?

कारण दुसऱ्यावरचा आकडा हिशेबात बसतो. (१८६५० हे सेलच्या मापाचं नाव, त्याबद्दल पुढे; एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते ते.) गुणाकार करून बघा. सेलमधली ऊर्जा म्हणजे ३.५ अँपिअर-तास (तेच ३५०० एमएएच) गुणिले सेलचे ३.६ व्होल्ट, १२.६ वॅट-तास. एलईडी, तिला करंट देणारं सर्किट, भिंग आणि काच या सगळ्यांची गळती धरून चांगला टॉर्च एका वॅटमागे साधारण ८० ते १०० लुमेन बाहेर टाकतो; मंद उजेडावर थोडे जास्त, पूर्ण जोरावर थोडे कमी. म्हणजे या सेलमधून एकूण निघणार १००० ते १२६० लुमेन-तास. ४०० लुमेन अडीच तास म्हणजे बरोबर १०००. १००० लुमेन चार तास म्हणजे ४०००, म्हणजे एका वॅटमागे तीनशेवर लुमेन. असा टॉर्च अजून जन्मायचा आहे.

तरीही पहिला कंपनीवाला खोटं बोलतो असं नाही, आणि गंमत इथेच आहे. अमेरिकेतलं एफएल१ हे टॉर्चचं मानक २००९ साली आलं आणि आज बहुतेक नामवंत कंपन्या आकडे त्याप्रमाणे देतात. त्यात उजेड मोजायचा असतो टॉर्च पेटवल्यावर ३० सेकंदांपासून १२० सेकंदांपर्यंतच्या काळात. चालण्याचा वेळ मात्र मोजतात तो सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे दोन-तीन मिनिटं १००० लुमेन, मग उतरून अडीचशे, आणि ते अडीचशे चार तास; हेही नियमाप्रमाणे ‘१००० लुमेन, ४ तास’ होतं. दुसऱ्या कंपनीने सलग टिकणारा उजेड छापला आहे, एवढंच.

खोक्यावरच्या दोन आकड्यांऐवजी वेळ आणि उजेडाचा आलेख मागा. तो मिळाला तर सुरुवातीचा सुळका बोटाने झाका आणि पुढचं पठार किती उंच, किती लांब ते बघा. आलेख नसेल तर वरचा गुणाकार आहेच.

प्रश्न: नवा टॉर्च पूर्ण जोरावर दोन मिनिटांतच चटका बसेल एवढा तापतो आणि आपोआप मंद होतो. सदोष निघाला का?

बहुधा नाही. १००० लुमेनसाठी टॉर्च दहाएक वॅट खातो. त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा उजेड होऊन बाहेर पडतो, उरलेल्या सहा-सात वॅटची उष्णता होते. खिशात मावणारं ॲल्युमिनियमचं अंग हातात धरवेल एवढंच गरम राहून तीन-चार वॅटच बाहेर टाकू शकतं. त्यामुळे अंग पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पुढे जाऊ लागलं की आतलं सर्किट करंट कमी करतं. एका १८६५० सेलच्या टॉर्चने ३०० ते ५०० लुमेन सलग दिले तर तो उत्तम. याहून जास्त हवे असतील तर धातू जास्त हवा, आणि मग तो खिशातला राहत नाही.

खात्री करायची असेल तर टॉर्च थंड होऊ द्या आणि पंख्यासमोर धरून पुन्हा लावा. आता पूर्ण उजेड जास्त वेळ टिकला, तर टॉर्च तापमान पाहून उतरतो आहे; ठणठणीत आहे. पंख्यासमोरही अगदी त्याच सेकंदाला उतरला तर आत घड्याळ लावलेलं आहे; हीही रचनाच, फक्त जरा ढोबळ. पूर्वी टिकायचा आणि हल्ली लवकर उतरतो असं असेल तर सेल म्हातारा झालाय. अशा सेलमध्ये ऊर्जा असते, पण जोराचा करंट मागितला की व्होल्टेज ढासळतं. दुसरा चांगला सेल घालून बघा.

पूर्ण जोरावरचा टॉर्च काच खाली करून कापडावर ठेवू नका. काचेजवळ कापड जळायला वेळ लागत नाही.

प्रश्न: माझा १५०० लुमेनचा, मित्राचा ६०० चा. तरी दूरच्या झाडावर त्याचाच उजेड पोचतो. असं कसं?

बागेतल्या रबरी नळीच्या तोंडावर बोट धरलं की पाणी तेवढंच असतं, पण लांब जातं. लुमेन म्हणजे एकूण पाणी, कॅन्डेला म्हणजे धारेचा जोर. पल्ला काढायचं गणित तोंडी करता येतं: कॅन्डेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, मीटर मिळतात. २५०० कॅन्डेलाला १०० मीटर, १०,००० ला २००. पल्ला दुप्पट करायला कॅन्डेला चौपट लागतात.

मात्र हा छापील पल्ला म्हणजे उजेड पाव लक्सवर येतो ती जागा. पाव लक्स म्हणजे पौर्णिमेचं चांदणं. तेवढ्यात कोणीतरी उभं आहे हे कळेल, कोण ते कळणार नाही. कामाचा पल्ला छापलेल्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका धरा.

रोजच्या टॉर्चला ४००० ते १०,००० कॅन्डेला पुरे. त्याहून जास्त धारदार झोत घराच्या आत त्रासच देतो. मधोमध पांढराशुभ्र ठिपका, कडेला काळोख, आणि कागद वाचायला गेलं की डोळे दिपतात. हा गुण एलईडीचा पृष्ठभाग किती लहान आणि रिफ्लेक्टर किती रुंद-खोल यावर ठरतो. तुमच्या टॉर्चच्या बारीक डोक्यात मोठी एलईडी आहे. त्याच डोक्याच्या पुढच्या आवृत्तीत २००० लुमेन आले तरी झाड फारसं जवळ येणार नाही.

प्रश्न: वायरिंगचं काम करतो. टॉर्चच्या उजेडात तपकिरी आणि लाल वायरमध्ये दोनदा गफलत झाली. जास्त लुमेनचा घेऊ का?

लुमेन वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, उलट चकाकी वाढेल. तुम्हाला हवाय तो रंग नीट दाखवणारा उजेड. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘सीआरआय’ शोधा; उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा हा आकडा. स्वस्त किंवा केवळ लुमेनच्या मागे लागलेल्या टॉर्चमध्ये तो ७० च्या आसपास असतो. तुम्हाला ९० किंवा जास्त लागेल. सीआरआयचा मुख्य आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात आणि त्यात गडद लाल नसतो. गडद लालसाठी ‘आर९’ असा वेगळा आकडा आहे. तो दिलेला असेल तर ५० च्या वर, शक्यतो त्याहूनही चढा बघा. निचिया कंपनीची ५१९ए ही एलईडी याच गुणासाठी टॉर्चवाल्यांत नावाजलेली आहे. अनेक कंपन्या तेच मॉडेल दोन एलईडींत विकतात, त्यामुळे नुसतं मॉडेलचं नाव पाहू नका, आत कोणती एलईडी आहे ते वाचा.

याचा मोबदला म्हणून तेवढ्याच सेलवर साधारण पंधरा ते पंचवीस टक्के लुमेन कमी मिळतात. मागे सांगितल्याप्रमाणे डोळ्यांना ते फारसे जाणवत नाहीत. उजेडाची छटा केल्व्हिनमध्ये असते: ६५०० निळसर, ४००० ते ५००० मधली, ३००० पिवळट. वायरिंगला ४५०० च्या आसपास बरा. ‘कमी केल्व्हिन म्हणजे रंग चांगले’ हा समज मात्र चुकीचा आहे. पिवळट उजेडही रंगांच्या बाबतीत आंधळा असू शकतो.

प्रश्न: ट्रिपल ए, डबल ए, १४५००, १८६५०, २१७००. एवढे सेल पाहून डोकं गरगरतं. निवडायचं कसं?

पाच आकडी नावं म्हणजे मापं आहेत. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. २१७०० म्हणजे २१ आणि ७०. १४५०० म्हणजे १४ आणि ५०, जवळपास डबल ए एवढाच.

आता पोटातली ऊर्जा बघा. रिचार्जेबल ट्रिपल एमध्ये एक वॅट-तास, डबल एमध्ये अडीच, १४५०० लिथियममध्ये तीन-साडेतीन, १८६५० मध्ये बारा-साडेबारा, २१७०० मध्ये अठरा. शंभर लुमेनवर चालवलं तर जवळजवळ तेवढेच तास. वजन पाहिलं तर डबल ए तीसेक ग्रॅमपर्यंत, १८६५० पन्नासपर्यंत, २१७०० सत्तरच्या आसपास. त्यावर टॉर्चचं अंग वेगळं.

किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा असेल तर ट्रिपल ए. शर्टाच्या खिशात, पेनासारखा, तर डबल ए किंवा १४५००. पँटच्या खिशात आणि रोज अर्धा तास तरी काम, तर १८६५०. आमचं मत विचाराल तर बहुतेकांनी इथेच थांबावं. २१७०० बॅगेत ठेवणाऱ्यांसाठी. खिशात तो चालताना मांडीवर आपटतो, आठवड्याभरात टेबलाच्या खणात जातो, आणि खणातला टॉर्च हा रोजचा टॉर्च नव्हे.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. १४५०० दिसतो डबल एसारखा, पण पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. दोन्ही चालतील असं लिहिलेलं नसेल तर तो डबल एच्या टॉर्चमध्ये घालू नका, एलईडी किंवा सर्किट जळेल. आणि आत कायमचा बंद केलेला सेल, किंवा त्याच कंपनीचा वेगळ्या टोकाचा सेल लागणारा टॉर्च टाळा. लिथियम सेल तीनशे-पाचशे वेळा भरला की थकतो. साधा सेल बदलता आला तर टॉर्च दहा वर्षं चालेल, नाहीतर सेलचं आयुष्य तेच टॉर्चचं.

प्रश्न: ९९०० एमएएचचा १८६५० घेतला. मूळच्या २६०० वाल्यापेक्षाही लवकर संपतो.

फसवणूक झाली. १८६५० च्या आकारात खात्रीच्या कंपन्यांचे सेल ३५०० एमएएचपर्यंत, अगदी नवे ४००० च्या आसपास पोचतात. त्यापुढचा छापील आकडा नुसती शाई. वजनकाट्यावर ठेवा: खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, नकली पुष्कळदा तिशी-पस्तिशीत. असा सेल जोराच्या टॉर्चमध्ये वापरूच नका. अंतर्गत विरोध जास्त असल्याने तो तापतो. नवा घेताना टॉर्चला ‘प्रोटेक्टेड’ सेल बसतो का ते बघा. सुरक्षेचं सर्किट जोडलेलं असल्याने तो तीन-पाच मिलिमीटर लांब असतो आणि काही टॉर्चचं झाकणच लागत नाही. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नका. दोन्ही टोकं धातूने जोडली गेली तर पेट घेऊ शकतो. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा.

प्रश्न: खिशात टॉर्च आपोआप लागतो. हवा तेव्हा सेल मेलेला.

मागचं झाकण पाव वळसा सैल करून ठेवा. झाकणाच्या आट्यांवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेला रंगीत थर असतो आणि त्यातून वीज वाहत नाही. झाकण घट्ट असतं तेव्हा सेल बसतो त्या नळीची उघडी, चकचकीत कड झाकणाला टेकते आणि सर्किट पुरं होतं; पाव वळशाने ते तुटतं. तुमच्या टॉर्चचे आटे झाकणाइतके रंगीत नसून चांदीसारखे चमकत असतील तर ही युक्ती चालणार नाही. मग बटणाचं इलेक्ट्रॉनिक कुलूप वापरा, बहुतेकदा चार वेळा झटपट दाबून किंवा दाबून धरून लागतं. कुलपाची रीत कंपनीगणिक वेगळी, पत्रक फेकू नका.

बाजूला इलेक्ट्रॉनिक बटण असलेला टॉर्च बंद असतानाही थोडा करंट पितो. २० मायक्रोअँपिअर असेल तर ३५०० एमएएचचा सेल वीस वर्षं पुरेल, म्हणजे विसरून जा. पण १ मिलिअँपिअर असेल तर पाच महिन्यांत रिकामा, आणि ९०० एमएएचचा १४५०० तर पाच-सव्वापाच आठवड्यांत. बटणाखाली सतत लुकलुकणारा शोभेचा दिवा असेल तर तो बंद करता येतो का ते आधी बघा. मागे यांत्रिक बटण असलेल्या टॉर्चला ही भानगड नाही, म्हणून कधीमधीच लागणाऱ्या टॉर्चसाठी आम्ही तोच सुचवतो.

प्रश्न: दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या वायरीने टॉर्च चार्जच होत नाही. जुन्या चार्जरवर होतो.

चार्जर आणि वायर दोन्ही ठीक असावेत. सी-ते-सी जोडणीत समोरच्या उपकरणात ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर सापडल्याशिवाय चार्जर वीज सोडत नाही. काही टॉर्चवाले तेवढे दोन रेझिस्टर वाचवतात. जुन्या चौकोनी ‘ए’ टोकाच्या चार्जरवर ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून तिथे चालतं. तीच वायर वापरत राहा, नुकसान काही नाही. पुढच्या वेळी घेताना सी-ते-सी चालतं का, हे विचारून घ्या.

प्रश्न: टॉर्च हलवला की मिचमिचतो. टाकून नवा घेण्याच्या विचारात आहे.

थांबा, आधी पंधरा मिनिटं द्या. मिचमिचणाऱ्या टॉर्चमध्ये एलईडी क्वचितच बिघडलेली असते. दोष बहुधा वीज एका धातूतून दुसऱ्यात जाते अशा एखाद्या सांध्यात असतो.

सेल काढा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सेलची दोन्ही टोकं, मागच्या स्प्रिंगचं टोक, पुढच्या डोक्यातला संपर्कबिंदू आणि नळीच्या दोन्ही उघड्या कडा पुसा. या कडाच लोक विसरतात आणि मळ तिथेच साचतो. काडी काळी निघाली तर पुन्हा पुसा.

मग मागच्या झाकणात डोकवा. स्प्रिंगभोवतीच्या पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या चकतीला समोरासमोर दोन भोकं किंवा खाचा असतात. ही चकती सैल होणं हे मिचमिचण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. टोकदार चिमट्याची दोन टोकं खाचांत घालून ती घड्याळाच्या दिशेने आवळा. हलत नसेल तर जोर करू नका. डोकं वेगळं होणारं असेल तर तोही सांधा आवळा.

अजून मिचमिचतो? टॉर्च मंद उजेडावर ठेवा, मागचं झाकण काढा, सेल आतच राहू द्या. एका जाड वायरीच्या तुकड्याने सेलचं मागचं टोक आणि नळीची उघडी कड जोडा. म्हणजे झाकण आणि त्यातलं बटण वगळलं गेलं. उजेड स्थिर राहिला तर दोष मागच्या बटणात. ते बहुतेक टॉर्चमध्ये सुटं बदलता येतं. बदलण्याआधी सेल काढून बटण वीस-तीस वेळा दाबा, आतली गंजाची पुटं कधीकधी एवढ्याने निघतात. वायर लावूनही मिचमिचला तर दोष डोक्यात, सर्किटच्या बैठकीत किंवा डाखात. तिथे मात्र घरगुती दुरुस्तीची हद्द संपते.

झाकण लावण्याआधी आट्यांना आणि रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. जास्त लावलंत तर ते उघड्या कडेवर पसरून वीज अडवतं आणि टॉर्च पुन्हा मिचमिचतो. रिंग चपटी झाली असेल किंवा तिला चिरा दिसत असतील तर बदला. पाणी तिथूनच आत जातं.

प्रश्न: वडिलांचं वय ऐंशी. त्यांना बारा मोड, चार रंग, आकड्यांचा पडदा असलेला नवा टॉर्च भेट द्यावा म्हणते.

देऊ नका, ताई. रात्री उठल्यावर एकदा दाबलं की लागला, पुन्हा दाबलं की विझला, एवढंच हवं. मध्यरात्री चुकून झगझगणारा स्ट्रोब लागला तर भीती आणि तोल जाणं दोन्ही संभवतं. एक डबल ए सेलचा, ५ ते १०० लुमेनमधले दोन किंवा तीन टप्पे असलेला, आधी मंद उजेडाने उघडणारा टॉर्च घ्या. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. एकदम पाचशे लुमेन लागले तर तेवढा वेळ पाऊल चाचपडत पडतं. मोठा पसरट झोत, खडबडीत अंग आणि बोटांना सहज सापडणारं बटण बघा. आत साधे अल्कलाइन सेल ठेवू नका, ते महिनोन्‌महिने पडून फुटतात आणि आतला क्षार स्प्रिंग खातो. कमी गळतीचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घाला आणि तीन-चार महिन्यांनी तुम्हीच भरून द्या. वडिलांना पेसमेकर असेल तर मागे लोहचुंबक असलेला टॉर्च नको, निदान छातीच्या खिशात तर नकोच.

प्रश्न: फोनमध्ये टॉर्च असताना हे सगळं कशाला?

पुरत असेल तर नका घेऊ. फोनचा दिवा पन्नासएक लुमेनचा, झोत नसलेला असतो; कुलपाचं भोक, पडलेलं नाणं यांना पुष्कळ. पायवाट, गच्चीवरची टाकी किंवा दोन्ही हात गुंतलेलं काम आलं की तो संपतो, आणि सोबत फोनची चार्जिंगही.

प्रश्न: नव्याच्या नादात जुने पाच टॉर्च जमलेत. सगळे चालतात. काय करू?

सगळ्यांतले सेल आज काढा. लिथियमचे असतील तर निम्मे भरलेले ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामे ठेवले तर पडल्या पडल्या म्हातारे होतात. प्लॅस्टिकच्या डबीत, थंड जागी, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत नाही. ज्याचं वेष्टन फाटलंय त्यावर नवं वेष्टन चढवता येतं. फुगलेला, गळलेला किंवा चार्ज होताना गरम होणारा सेल मात्र बाद. त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या, घरच्या केराच्या डब्यात नको.

उरलेल्या टॉर्चपैकी एक वीज गेल्यावर जिथे पहिल्यांदा हात जातो तिथे, फ्यूजच्या फळीजवळ, चिकटपट्टीने टांगा. त्यात मात्र सेल असू द्या, झाकण पाव वळसा सैल. दुसरा गाडीच्या हत्यारांत. त्यात एकदाच वापरायचा लिथियम सेल चालत असेल तर तोच घाला, तो उन्हाला जास्त दाद देत नाही आणि दहाएक वर्षं पडून राहू शकतो. सेल भरायची तारीख मार्करने टॉर्चच्या अंगावरच लिहा. राहिलेले तीन ज्यांच्याकडे एकही नाही त्यांना द्या, चार्जर आणि पत्रकासकट.